काच अडकली म्हणजे मोटरच गेली, असं नाही

ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, आमच्या गाडीची डावीकडची पुढची काच अर्ध्यावर थांबली. दुपारचे दोन, बाहेर 45 अंश, एसीचा सगळा गारवा त्या अर्ध्या काचेतून बाहेर चाललेला. गॅरेजमध्ये गेलो तर दाराचं आतलं पॅडही न उघडता निदान झालं: मोटर गेली. नवी मोटर बसली, काच चढली, आम्ही पैसे देऊन घरी आलो. जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला त्या दिवशी तीच काच पुन्हा तशीच अर्ध्यावर थांबली.

या वेळी माझ्या बाबांनी हात घातला. ते आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवायचे. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि बिजागरीजवळ दार आणि बॉडी यांच्यामध्ये जी चुण्यांची रबरी नळी असते, ती एका बाजूने सोडवून मागे सरकवली. आत वायरींचा जुडगा. एकेक वायर दोन बोटांत धरून ते हलकेच ओढून बघत गेले. चौथी की पाचवी वायर रबरबँडसारखी ताणली गेली. वरून आवरण धड होतं, कुठे चीरही नव्हती, पण आतलं तांबं तुटलेलं होतं. धड वायर अशी ताणली जात नाही, कारण आतलं तांबं तिला ताणूच देत नाही. मग बाबांनी डिकीत ठेवलेली जुनी मोटर काढली, बॅटरीला लावली, आणि ती गरगर फिरली.

मोटर बदलल्यावर काच चालली कशी, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर साधं होतं. मोटर बदलताना दार दहा वेळा उघडलं-मिटलं, वायरी हलल्या, तुटलेली टोकं एकमेकांना टेकली. महिना-दीड महिना ती तशीच टेकलेली राहिली, एवढंच.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकून घेतला. आता ओळखीपाळखीच्या गाड्या अंगणात येतात आणि दहापैकी निम्म्या वेळी तरी दोष सांगितलेल्या जागी नसतो. म्हणून हे लिहिते आहे. स्वतः दुरुस्ती केलीच पाहिजे असं नाही, पण सुटा भाग विकत घेण्याआधी दोष कुठे आहे हे अर्ध्या तासात कळू शकतं.

दाराच्या आत काय असतं ते आधी बघू. एक छोटी 12 व्होल्टची मोटर असते. तिच्या दातेरी चक्रावर एक ड्रम, ड्रमवर गुंडाळलेली पोलादी तार, आणि त्या तारेला जोडलेली क्लिप, जिच्यात काचेची खालची कड बसते. काही गाड्यांमध्ये तारेऐवजी कात्रीसारखे दोन पट्टे असतात. या सगळ्या सांगाड्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘मशीन’ म्हणतात. काचेच्या दोन्ही कडा रबराच्या खाचेत सरकतात, ते चॅनेल. खालून काच जिथे बाहेर येते तिथे दोन्ही बाजूंनी पुसत राहणारी पट्टी म्हणजे बीडिंग. थोडक्यात विजेची बाजू, मशीनची बाजू आणि रबराची बाजू अशा तीन बाजू असतात. तिन्हींपैकी कुठेही बिघाड झाला तरी दिसायला एकच दिसतं: काच हलत नाही.

म्हणून पहिलं काम हत्यार काढायचं नाही, ऐकायचं. इंजिन बंद ठेवा, चावी फिरवून ठेवा, पंखा आणि रेडिओ बंद करा, छतावरचा दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंदावला आणि आतून दबका हुंकार आला, तर मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे. मोटर जोर लावते आहे, पण काहीतरी अडलं आहे. दिव्याला काहीच झालं नाही आणि आवाजही नाही, तर वीज वाटेतच कुठेतरी अडकली आहे. (नव्या गाड्यांतले एलईडी दिवे फारसे मंदावत नाहीत. तिथे कान दाराला लावा.) मोटरचा मोकळा घर्र आवाज आला आणि काच ढिम्म राहिली, तर तार तुटली किंवा क्लिप सुटली. आमच्या भागातला एक जुना वायरमन हे एका वाक्यात सांगतो: “ताई, मोटर फिरून राहिली, काच नाही हलून राहिली, म्हणजे मशीन पाहा, मोटरले हात नका लावू.” कर्र-कर्र असा दात सरकल्याचा आवाज असेल तर ड्रम किंवा चक्र झिजलेलं असतं. आणि काच वाकडी, म्हणजे पुढची कड खाली आणि मागची वर अशी चढत असेल, तर दोनपैकी एक क्लिप गेली समजा. या क्लिपा बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या असतात, आणि वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या दारात त्या ठिसूळ होतात.

किती काचा बंद आहेत हाही मोठा धागा आहे. चारही बंद असतील तर फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा मुख्य अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली बॅटरीच्या मायनसची वायर, बघा. ड्रायव्हरची चालते आणि बाकी तिन्ही आपापल्या दारातून चालत नाहीत, तर आधी ड्रायव्हरच्या दारातलं लॉकचं बटण बघा. मुलांनी वर-खाली करू नये म्हणून ते असतं, आणि गाडी धुताना फडक्याने दाबलं जातं. एका शेजाऱ्याने यासाठी रविवार सकाळ घालवली होती. एकच काच बंद असेल तर तिचा स्वतःचा स्विच, वायर, मोटर, मशीन. पण इथे एक गुंता आहे, तो समजून घेण्यासारखा आहे.

मोटर वर आणि खाली अशी दोन्हीकडे फिरते ती वीज उलटी केल्यामुळे. मोटरला दोनच वायरी. वर जाताना एकीत बॅटरीचा प्लस आणि दुसरीत अर्थ, खाली येताना नेमकं उलट. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये बटण सोडलेलं असतं तेव्हा दोन्ही वायरी अर्थलाच टेकलेल्या असतात. आणि मागच्या दाराच्या मोटरला तो अर्थ मिळतो कुठून, तर ड्रायव्हरच्या दारातल्या मास्टर स्विचमधून, म्हणजे चारही काचांची बटणं असतात त्या पट्टीतून. म्हणजे मागच्या उजव्या काचेचा दोष पुढच्या दारात असू शकतो. मास्टर स्विचवर कधी चहा सांडला, पावसात काच उघडी राहून पाणी गेलं, तर आतल्या पट्ट्यांवर काजळी धरते, आणि नवी मोटर घालूनही मागची काच हलत नाही. याची खूण अशी की काच एकाच दिशेला चालते, किंवा मास्टरचं बटण दोन-चारदा खाली-वर केलं की मध्येच चालू होते. स्विच काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे भाग साफ करायच्या स्प्रेने) धुतला तर पुष्कळदा पुन्हा चालायला लागतो.

वायर तुटल्याची परीक्षा तर हत्याराशिवाय होते. दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दार हळूहळू उघडा, मिटा. एखाद्या ठरावीक कोनात काच झटका देऊन हलली की शोध संपला. ड्रायव्हरचं दार सगळ्यांत जास्त वेळा उघडतं, म्हणून तिथल्या वायरी आधी तुटतात. जोडताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. त्याच जाडीची नवी लवचीक वायर थोडी लांब घेऊन जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या भागात आणा. वाकणाऱ्या जागीच जोड दिला तर वायर तिथेच पुन्हा तुटते.

आता बाबांनी शिकवलेली एक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. लोक मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढतात, मल्टीमीटर लावतात, 12 व्होल्ट दिसले की म्हणतात वीज येते आहे, म्हणजे मोटर गेली. पण मल्टीमीटर वीज जवळपास खातच नाही. वायरीचे वीस तंतू तुटून एक शिल्लक असेल तरी तो 12 व्होल्टच दाखवेल. मोटरला चालताना साधारण 5 ते 10 अँपिअर लागतात, आणि काच अडली की हा आकडा 20 च्या पलीकडे जातो. तो एक तंतू एवढा भार वाहणार कसा? म्हणून बाबांकडे स्कूटरच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब आहे, होल्डरला दोन हात लांब वायरी जोडलेला, त्यांच्या टोकाला क्लिपा. कपलरच्या दोन टोकांना बल्ब लावायचा आणि बटण दाबायचं. बल्ब दोन्ही दिशांना लख्ख पेटला तर वायरिंगवर विश्वास ठेवायला हरकत नाही आणि मोटर तपासायला घ्यावी. मिणमिणला तर वायर, कपलर किंवा अर्थ कच्चा आहे. हा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. मोटरपेक्षा कमीच, पण कच्ची वायर उघडी पाडायला पुरेसा.

एक सावधगिरी मात्र हवी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बटण थेट मोटरला वीज देत नाही. ते फक्त निरोप पाठवतं आणि मोटरवरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बाकीचं बघतं. कपलरवर दोनच जाड वायरी न दिसता सोबत बारीक वायरीही दिसल्या, तर त्यांना बल्ब लावू नका. तिथे स्कॅनर असलेल्या माणसाकडेच जायचं.

मोटर खरंच थकली असेल तर तिचीही खूण आहे. बटण दाबून धरा आणि मोटर जिथे असते तिथे दाराच्या पॅडवर मुठीने ठोका. ठोकल्यावर चालली, तर आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. आणखी एक गैरसमज होतो. मुलं काच वर-खाली खेळत बसली आणि मोटर गप्प झाली, तर ती जळाली असं नाही. आत तापमानावर बंद होणारं संरक्षण असतं. उन्हात उभ्या गाडीचं दार आधीच भट्टी झालेलं, त्यामुळे नागपुरात ते लवकर बंद पडतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

सगळ्यांत जास्त पैसा जिथे वाया जातो तो दोष म्हणजे काच वर जाते आणि शेवटच्या चार बोटांवरून आपोआप खाली येते. लोकांना वाटतं सर्किट बिघडलं. बहुतेकदा सर्किट आपलं काम चोख करत असतं. एका दाबात पूर्ण चढणाऱ्या काचेत मूल सापडू नये म्हणून मोटरच्या फिरण्याचा वेग सेन्सर मोजत असतो. वेग अचानक पडला तर मध्ये काहीतरी आलं असं समजून काच मागे फिरते. युरोप-अमेरिकेच्या नियमांत यासाठी 100 न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे साधारण 10 किलो वजनाइतका दाब. आता आपल्याकडची धूळ आठवा. सिमेंट रोडची कामं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख, उन्हाने कडक झालेलं रबर. चॅनेलमध्ये हे सगळं साचलं की काच घासते, मोटर मंदावते, आणि सेन्सरला ते बोट सापडल्यासारखंच वाटतं.

यावर उपाय स्वस्त आहे. काच पूर्ण खाली घ्या, पातळ पट्टीला ओलं सुती फडकं गुंडाळून चॅनेलची खाच वरपासून खालपर्यंत पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा, पाच-सहा वेळा तरी लागतं. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काहीही नको. त्याने रबर फुगतं आणि वर धूळ चिकटून लेप होतो. मग काचेला तिची वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरायचं असतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. बॅटरी काढून लावल्यावरही हेच करावं लागतं, आणि ते न केल्यामुळे ‘ऑटो (एका दाबात चढणं) बंद पडलं’ म्हणून कितीतरी गाड्या गॅरेजात जातात. ज्या काचेला ही एका दाबाची सोय नाही, तिला सहसा हे संरक्षणही नसतं, म्हणून मागे मुलं बसली की लॉकचं बटण दाबलेलंच ठेवा.

आणि सगळं स्वच्छ करूनही काच एकाच कोपऱ्यात घासत असेल तर? मग दाराकडे बघायची वेळ आली.

काच आणि दार यांचे दोष लोक वेगवेगळे धरतात. पण काच दाराच्या चौकटीत सरकते आणि वर गेल्यावर दाराची ती चौकट बॉडीच्या रबरावर टेकते. दार मागच्या टोकाला लोंबलं किंवा चौकट वाकली, तर काच घासते, वारा शिरतो आणि पाणीही येतं. दार लोंबण्याची कारणं घरगुती आहेत. वयस्कर मंडळी उतरताना उघड्या दारावर सगळा भार टाकून उठतात. मेच्या वावटळीत दार हातातून सुटून पूर्ण मागे आपटतं. उंच फुटपाथला खालची कड टेकते. आजी-आजोबांना दाराऐवजी आतल्या छताजवळच्या हँडलचा किंवा आपल्या हाताचा आधार द्या. दाराला तर जपालच, त्यांचा तोलही सुरक्षित राहील.

तपासायचं असं. दार वीतभर उघडा, मागच्या टोकाला खालून दोन्ही हात लावा आणि हलकेच वर उचला. टक् असा आवाज येऊन दार थोडं वर गेलं, तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलं आहे. बॉडी न हलता बिजागरीच हलताना दिसली तर तिचे बोल्ट ढिले आहेत. मग दार बंद करून चारही बाजूंच्या फटी बघा. मोजमाप माहीत नसलं तरी चालतं, गाडीची दुसरी बाजू हाच नमुना. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून एका बाजूच्या फटीत बसतील एवढे करा आणि तेच दुसऱ्या बाजूला घालून बघा. दारावरून जाणारी पत्र्याची ठळक रेघ पुढच्या आणि मागच्या दारावर सलग जुळते का, तेही बघा.

शेवटची परीक्षा कुंडीची, म्हणजे दाराच्या मागच्या कडेतल्या लॉकची. बॉडीच्या खांबावर जो कडीसारखा लोखंडी तुकडा असतो तो स्ट्रायकर. बाहेरचं हँडल ओढून धरा आणि दार अगदी हळू मिटा. नजर फक्त दाराच्या मागच्या कडेवर ठेवा. कुंडी स्ट्रायकरवर येते त्या क्षणी दार वर उचललं गेलं, तर दार खाली आलेलं आहे. स्ट्रायकरवर वरच्या अंगाला चकचकीत घासल्याची खूण असेल तर शंका उरत नाही.

इथे माझं मत ठाम आहे. लोंबलेल्या दारावर इलाज म्हणून स्ट्रायकर खाली करू नका, कुणी करून देत असेल तरी थांबवा. दार लागेल, पण ते वाकड्या जागीच लागेल. फटी तशाच राहतील आणि बिजागरी झिजतच जाईल. आधी बिजागरी, मग स्ट्रायकर. स्ट्रायकरचं खरं काम आत-बाहेर करून दार रबरावर किती घट्ट बसावं हे ठरवणं. तो सैल करण्यापूर्वी भोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे चुकलं तर परत येता येतं, आणि एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा. बिजागरीचे बोल्ट मात्र एकट्याने सोडू नका. दार जड असतं, खाली जॅक आणि सोबत दुसरा माणूस हवा. दोन्ही दारं जुळवायची असतील तर आधी मागचं, कारण त्याच्या मागचा पत्रा जागचा हलत नाही. मग त्याच्याशी पुढचं. चांगला डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, याच क्रमाने जातो.

रबर नीट दाबलं जातं का हे बघायला वर्तमानपत्राची पट्टी पुरते. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडथळा जाणवला पाहिजे. एखाद्या ठिकाणी पट्टी सुळकन निघाली तर तिथून पाणी येणार. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाल्यापासून त्यावरून येणारे पुष्कळ जण दाराच्या शिळीची तक्रार करतात. शहरात 40 च्या वेगाला जी फट कळत नाही, ती 120 ला शीळ घालते. तिचा शोध मास्किंग टेपने घ्या. एका वेळी एकच फट टेपने बंद करायची, गाडी न्यायची आणि सोबतच्याला ऐकायला सांगायचं. ज्या पट्टीनंतर आवाज थांबेल ती जागा. आणि हो, उन्हासाठी दारावर चढवायची कापडी जाळी असेल तर आधी ती काढून ऐका. कापडाची घडी रबरात दबते आणि फट पडते.

पाण्याचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण दार कुणीही उघडलं तरी तिथे एक चूक हमखास होते. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत जातंच, ते तसंच बनवलेलं असतं, आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅडच्या मागे पत्र्यावर काळ्या चिकट डिंकाने एक प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. घाईत तो फाडला जातो, किंवा नुसता टेकवून वर पॅड बसवतात. मग पहिल्या पावसात पायाखालची मॅट ओली होते आणि लोक छत गळतं का ते शोधतात. दाराचं काम करून घेताना उभं राहून सांगा: भाऊ, प्लॅस्टिक नीट चिकटवा, खालच्या कडेला विशेष. काच मशीनपासून सोडवण्याआधी तिला वरून टेप लावून घ्यायलाही सांगा, नाहीतर ती सरळ बोटांवर येते. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडाही ब्लेडसारख्या असतात, तेव्हा हातमोजे हवेतच.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी जुन्या बाजारात घेत असाल तर मागच्या दाराचं पॅड उघडून कपलर वेगळा करून बघा. पितळी पिनांवर हिरवट थर दिसला तर ते पाणी तिथवर चढलेलं होतं. आणि स्वतःच्या गाडीत एवढं करा: मृगाच्या आधी चारही दारांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, भोकं सापडली की जुन्या टूथब्रशच्या दांड्याने मोकळी करा. आमच्या गाडीच्या मागच्या दारातून या जूनमध्ये मूठभर माती आणि कडुनिंबाची पानं निघाली.